चपलांजवळची खुर्ची

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या वाचनालयात सतरंजी झटकत होतो. निरोप आणणाऱ्या वासुदेवभाऊंनी डोळे पुसले आणि त्याच दमात विचारलं, "शोकसभेला बोलायला कोणाला बोलवायचं?" मी सवयीनं म्हणालो, "नानांना विचारू." ...मग आम्ही दोघंही सतरंजीवर बसून राहिलो.

नाना एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, मूळचे साक्रीकडचे. दिवसभर गाड्या पुकारायचे. पण चारचौघांत चार वाक्यं बोलायची म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. आमच्या उन्हाळी व्याख्यानमालेचे वक्ते निवडणं मात्र त्यांच्याकडे. कोणी नाव सुचवलं की त्या माणसाचं भाषण धुळ्याला असो की शिरपूरला, नाना रजा टाकून जायचे आणि दाराशी, चपलांच्या ढिगाऱ्याजवळ बसायचे. वक्त्याकडे बघायचेच नाहीत! "टाळ्या कोनीबी वाजाडस, भाऊ," ते मला म्हणायचे. "मझारमा कोना पाय चप्पलमा जास, ते देखानं." म्हणजे भाषण चालू असताना मध्येच कोण चपला घालून निघतो, ते बघायचं. शिरपूरला टाळ्यांचा पाऊस पाडणारा एक नामवंत त्यांनी असाच नापास केला, आणि पिंपळनेरला विहिरींवर बोलणारा एक बुजरा मास्तर घेऊन आले. होकार देण्याआधी शेवटचा प्रश्न ठरलेला असे: "कोणत्या गाडीनं येणार?" 'बघू, होईल काहीतरी सोय' म्हणणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे कट. नानांनी निवडलेला पाहुणा कधी आला नाही असं झालं नाही.

तरीही मालेच्या दिवसांत त्यांच्या खिशात एक घडी केलेला कागद असायचा. वक्ता आलाच नाही तर म्हणून लिहून ठेवलेलं स्वतःचं भाषण. मी कागदावर झडप घालायचो, "नाना, वाचा की एकदा!" ते खिशावर हात दाबून हसायचे. "पहिली गाडी रद्द व्हयनी तरच जादा गाडी सोडतस."

ती गाडी एकदाच रद्द झाली, आणि ती माझी होती. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा उन्हाळा असेल. मुंबईच्या एका गाजलेल्या वक्त्यासाठी मी हटून बसलो. नानांनी त्याला ऐकलं नव्हतं. "अहो नाना, नाव ऐका, नाव!" मी हात पसरून म्हणालो. त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पाहुण्याचा पत्ता नव्हता. तारही नाही. अर्धा तास गेला. मग दाराशी, चपलांजवळच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवरून नाना उठले, कागद उघडला आणि लोकांमधून वाट काढत व्यासपीठाकडे यायला लागले. कान लालबुंद, पण चाल सरळ.

माईक माझ्या हातात होता.

नानांची फजिती टाळतोय असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते भरलेलं सभागृह बघून माझी जीभ वळवळली. न आलेला पाहुणा आमच्या एसटीत कसा चढला असता, मागच्या बाकावर कसा उसळला असता, याची मी साभिनय नक्कल सुरू केली. लोक लोळले. मी तासभर थांबलो नाही. मध्यावर पोचलेले नाना क्षणभर उभे राहिले, कागदाची घडी घातली आणि परत दाराशी जाऊन बसले.

नंतर मी उड्या मारत त्यांच्याकडे गेलो. "नाना, चपला?"

"कोनी हालनं नही," ते म्हणाले. "बठ्ठा लोके हासनात. चांगलं शे."

पुढच्या वर्षी त्यांचा खिसा रिकामा होता. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "आते तू शे ना." आता मी होतो ना! ते गावोगाव जायचेही थांबले. मग निवड मी करू लागलो, म्हणजे नावं बघून. कोणी आले, कोणी आले नाहीत. रिकामी जागा मी नकलांनी भरली. हळूहळू लोकही यायचे थांबले आणि माला बंद पडली. नाना शेवटपर्यंत त्या खुर्चीत होते.

शोकसभेत अखेर मीच बोललो. लोक हसले, रडले. पण ते बोलणं बरं होतं की वाईट, हे आता मला कोण सांगणार? दाराशी नुसत्या चपला होत्या.

परवा त्यांच्या मुलीनं तो कागद आणून दिला. घड्यांवर विरलेला. पहिली ओळ अशी आहे: 'ठरलेले पाहुणे आले नाहीत, त्याबद्दल क्षमा करा. मी फार वेळ घेणार नाही.'

पुढचं मी वाचलेलं नाही. ते भरल्या सभागृहात ऐकायचं भाषण आहे... आणि आमचं सभागृह आता भरत नाही. कागद मी त्या खुर्चीवर ठेवला होता. पंख्याच्या वाऱ्यानं उडायला लागला, म्हणून माझी एक चप्पल त्यावर ठेवली आणि तसाच, एका पायानं अनवाणी, बसून राहिलो.