माझा नंबर, काकीचं धान्य

ऑगस्टचा पहिला रविवार, सकाळी साडेआठ. जागा: आमची पडवी. हजर: मी, माझा नवरा, म्हसळ्यात पाण्याचे पंप दुरुस्त करतो, रविवारी दुकान बंद, आमची लेक, पनवेलच्या कॉलेजातून चार दिवसांच्या सुट्टीवर, आणि शेजारच्या घरातली काकी, म्हणजे माझी चुलत सासू, तिच्या मते सत्तरीची, कागदावर अठ्ठ्याहत्तर. विषय एकच: तीन आठवड्यांनी मी एका वर्षासाठी आयर्लंडला शिकायला जाणार, तर माझा मोबाईल नंबर कुठे राहणार.

हा प्रश्न बैठक बोलवण्याइतका मोठा कसा झाला, ते आधी सांगते.

मी त्रेचाळीस वर्षांची. म्हसळ्यात सोळा वर्षं कॉम्प्युटरचे वर्ग घेते. सुरुवात टायपिंगपासून, मग हिशेबाचं सॉफ्टवेअर, मग व्हिडिओ बघून बघून स्वतःच शिकलेलं प्रोग्रॅमिंग. डेटा सायन्सच्या मास्टर्सला अर्ज केला तो घेतात का बघू म्हणून. घेतलं. त्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि कामं लिहून काढली, प्रत्येकापुढे एक चौकोन. व्हिसाची कागदपत्रं, दातांची तपासणी, चष्म्याची जादा जोडी, मागे कोण वर्ग घेणार, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय. चौकोन भरत होते तरी जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी तव्यावर टाकून वही बघायला जायचे. वर्गात मुलांना समजावता समजावता मध्येच फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःची कामं लिहायचे. एकदा एका मुलीने ती वहीत उतरवून घेतली. तिच्या प्रोग्रॅमच्या तिसऱ्या ओळीत ‘स्वेटर’ होतं.

आणि सतत फोन वाजायचा. तुमचा ओटीपी अमुक, कोणालाही सांगू नका. हे ओटीपी माझे नसायचे.

काही वर्षांपूर्वी सगळे अर्ज ऑनलाइन झाले आणि प्रत्येकात मोबाईलचा रकाना आला. आमच्या वाडीत सदतीस घरं. बहुतेक बाप्ये मुंबईत कामाला, घरी म्हातारी माणसं. त्यांच्याकडे फोन नाही, असला तर नंबर वर्षाला बदलतो. मी अर्ज भरायला बसले की समोरचा म्हणायचा, “तुझाच टाक गो, तुझा काय बदलत न्हाय.” मी टाकला. आधार, रेशन, वीजबिल, पिकाची नोंद, एकेक करत सगळी वाडी माझ्या एका नंबरावर आली. वर्गात मी मुलांना शिकवते की एका जागी बिघडलं तर सगळंच बंद पडेल अशी रचना करू नका. घरी मीच ती केली होती. आवडतही होतं म्हणा. “वहिनी, आला का नंबर?” अशी हाक यायची, मी सहा आकडे सांगायचे आणि कुणाचं तरी काम पुढे सरकायचं.

जूनमध्ये सदतीस घरांची यादी केली. नवरा टेम्पोत पाच-पाच जणांना बसवून म्हसळ्याच्या आधार केंद्रावर न्यायचा. तिथे अंगठा लावायचा, मुंबईच्या मुलाचा नाहीतर जावयाचा नंबर द्यायचा, पावती घेऊन यायचं. जुलै संपेपर्यंत छत्तीस चौकोन भरले. राहिली काकी.

काकीचा अंगठा लागत नाही. तिने तीस वर्षं सुपारी सोलली, श्रीवर्धनच्या बागायतदारांची पोतीच्या पोती, आणि भांडी आजही राखेने घासते. बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानातलं मशीनही तिचा अंगठा घेत नाही, म्हणून दर महिन्याला दुकानदार तिच्या नावाचा ओटीपी मागवतो, तो माझ्याकडे येतो, मी फोनवर सांगते, मग तिला तांदूळ मिळतो. नंबर बदलला तर प्रश्न मिटला. पण नंबर बदलायला अंगठा लागतो.

केंद्रावरची मुलगी चांगली होती. दहाही बोटं दोन-दोनदा लावून बघितली. कोमट पाणी झालं, खोबरेल झालं.

“आजी, जरा दाबून.”

“दाबला गो. आता काय काचंच्या आत जाऊ?”

“तूप लावून बघू या का?” नवऱ्याने विचारलं.

“लाव. मंग मांजर बोलव चाटायला.”

मग डोळे. उजव्यात मोतीबिंदू, डावा मशीन समोर आलं की मिटतो. मोतीबिंदू काढून आणा, मग बहुतेक घेईल, असं ती म्हणाली. ऑपरेशनची तारीख मिळत होती दिवाळीनंतरची. रेशनकार्डावर दुसरा नंबर जोडायला गेले, तर तिथेही अंगठा.

मग मी मला जे येतं ते केलं. जुन्या फोनमध्ये माझं सिम घातलं आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: आलेल्या मेसेजमध्ये धान्याचा उल्लेख असेल तर तो वाडीच्या ग्रुपवर टाक, बाकीचे मला पाठव. तीनदा तपासला. चौथ्या दिवशी वर्गात असताना रेशन दुकानदाराचा फोन.

“वहिनी, इथं अकरा माणसं उभी हायत पिशव्या घेऊन. सगळ्यांचा नंबर एकच कसा?”

प्रोग्रॅममध्ये एक अट उलटी पडली होती. माझ्या बँकेचा ओटीपी ग्रुपवर गेला होता. त्यात धान्याचं नाव नव्हतं, पण वाडीला एवढंच माहीत की सहा आकडे आले म्हणजे धान्य आलं. रांगेत सगळ्यांत पुढे काकी होती. तिच्याकडे फोन नाही, पण शेजारणीने आकडे ओरडून सांगितले होते आणि तिने ते पाठ केले होते. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, “आता प्रोग्रॅम पुरे.” मी प्रोग्रॅम काढून टाकला.

म्हणून ती रविवारची बैठक.

लेकीने सुरुवात केली. “आई, सिम तू घेऊन जा ना. तिकडून सांगशील.”

“दुकान दहाला उघडतं. तिकडे पहाटेचे साडेपाच, थंडीत साडेचार. ओटीपी दहा मिनिटांत मरतो.”

“गजर लाव.”

“दुकानदार कुठल्या दिवशी मशीन चालू करणार ते त्यालाही माहीत नसतं.”

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. “तांदळाचं एवढं काय? काकी आपल्याकडे जेवील. मी काय तिला उपाशी ठेवणाराय?”

काकी इतका वेळ भिंतीला टेकून पाय चोळत होती. ती म्हणाली, “तुझ्याकडं दोन दिस जेवेन. तिसऱ्या दिशी तू म्हनशील, काकी, कशाला येगळी चूल पेटवतेस. मंग म्हनशील, कशाला येगळं घर.”

“तसं कोण म्हणतंय?”

“आता म्हनत न्हाय. मी वळखते ना तुमच्या घराण्याला. माझा दादला पन तुमच्यातलाच व्हता.”

नवरा हसला. काका गेल्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून काकीने कुणाच्या ताटात हात घातलेला नाही. तिच्या एकटीच्या नावाचं रेशनकार्ड, एकटीची चूल. तीन महिने धान्य उचललं नाही तर नाव बंद पडतं, असं दुकानदार म्हणाला होता. ते नाव बंद पडणं म्हणजे काय, हे काकी आम्हा तिघांपेक्षा नीट ओळखून होती.

थोड्या वेळाने नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, “नाहीतर एक वर्ष पुढे ढकल. विचारून बघ, जागा ठेवतात म्हणे.”

ही सूचना माझ्याही वहीत होती, शेवटच्या पानावर, पेन्सिलीने. मला स्वतःचाच राग आला. त्याहून जास्त काकीला आला.

“माझ्या आंगठ्यापायी सून घरी बसली, असं वाडीत झालं तर मी पान्यावर तरी जाईन का? जा तू. न्हायतर मी कार्ड फाडते.”

“कार्ड फाडून काही होत नाही, काकी. ते कॉम्प्युटरमध्ये असतं,” लेक म्हणाली.

“मंग तो फाड!”

सगळे हसलो. मी हसत होते आणि वहीत सदतीस घरांची यादी बघत होते. प्रत्येक घरासमोर लिहिलेलं: जुना नंबर माझा, नवा नंबर अमुक. सगळ्यांना मी माझ्या नंबरावरून काढत होते. काकी निघत नव्हती. मग मीच निघाले तर?

“नंबर काकीला देऊ या,” मी म्हणाले. “मी नवीन घेते.”

“वीस वर्षांचा नंबर तुझा,” नवरा म्हणाला.

“माझा अंगठा लागतो. मी कुठेही बदलू शकते.”

सिम माझ्याच नावावर राहील, बटणाच्या फोनात घालून काकीच्या घरात राहील. चार्ज करणं नवऱ्याकडे. दुपारी नवं पान काढलं: माझा नंबर कुठे कुठे आहे. लिहिता लिहिता हात दुखला. बँक, शैक्षणिक कर्ज, पासपोर्ट, व्हिसा, विमान, युनिव्हर्सिटी, विमा, माझं आधार, लेकीचं कॉलेज, वर्गाच्या पाटीवर, वर्गाच्या पावतीपुस्तकावर. सदतीस घरं सोपी होती असं वाटलं. पुढचे दोन आठवडे मी सकाळी नवा नंबर पाठ म्हणत उठायचे आणि काउंटरवर तोंडातून जुनाच यायचा. पाटी पेंटरने परवा रंगवून दिली. बँकेचं काल झालं.

राहिलं ते काकीचं शिक्षण. “आकडे दुकानदार वाचून घेईल की,” नवरा म्हणाला, तर काकी म्हणाली, “आज तो हाय, उद्या त्याचा पोरगा बसंल. माझा फोन मी का देऊ कुनाच्या हातात?” तेही बरोबर. मग कळलं की काकी दुसरीपर्यंत शिकली आहे, तिला मराठी आकडे येतात. ओटीपी येतो इंग्रजी आकड्यांत.

लेकीच्या लहानपणच्या पाटीवर मराठी आणि इंग्रजी आकडे शेजारी शेजारी लिहून दिले. रोज सकाळी माझ्या नव्या सिमवरून सहा आकडे पाठवते आणि शेजारी जाऊन चुलीपाशी बसते. शून्याला ती पूज्य म्हणते, ते दुकानदाराला कळेल. दोन, तीन, सहा, सात पक्के झाले. आठ दिसला की ती चार म्हणायची, कारण आपला ४ तसाच दिसतो. ते परवा सुटलं. नऊ सुटत नाही, तो आपल्या १ सारखा.

“ह्यो एक,” ती म्हणते.

“नऊ, काकी. इंग्रजी एक नुसती काठी.”

“डोकं हाय, शेपूट हाय. एकच तो. विंग्रजांनी चोरलाय.”

विमान शुक्रवारी. व्हिसाच्या कागदावर खूण झाली, बॅगेचं वजन झालं, स्वेटर दोन घेतले. आज सकाळी पाठवलेल्या सहा आकड्यांत दोन नऊ होते. काकीने दोन्ही एक वाचले. तिच्या नावापुढचा चौकोन रिकामा आहे.