गळालेला एस

लोवेल स्टॅनचिक हा यंगस्टाउनमधला पाट्या रंगवणारा. दंतवैद्य, डोनटवाले, अंत्यविधीवाले, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. तीस वर्षांत एकाही पाटीवर स्पेलिंग चुकलेलं नाही, हे तो न विचारता सांगायचा. जीव मात्र दुसऱ्याच कामात. ओहायोतल्या तळघरांत नि गॅरेजांत कर्कश मेटल संगीत वाजवणारे जे बँड शेजाऱ्यांखेरीज कुणाला ठाऊक नसत, त्यांची नावं तो चितारून द्यायचा. अक्षरांना मुळं फुटलेली, काटे आलेले. वादळात झुडूप उन्मळून पडावं तसं दिसायचं. नाव चटकन वाचता आलं तर बँडवाले नाराज व्हायचे.

'क्वॉरी स्लॉटर', म्हणजे खाणीतली कत्तल, हा त्यांतलाच एक बँड. त्यांचा गायक ड्वेन ह्रुश्का दिवसा टायर बदलायचा आणि गाताना खडी भरडल्यासारखा आवाज काढायचा. लोवेलचं चित्र अकरा वर्षं त्यांच्या कॅसेटवर नि शर्टांवर होतं. ड्रमर गिलने तर ते पाठभर गोंदवून घेतलं होतं.

ड्वेनच्या चाळिशीला त्याच्या आईने, इर्माने, ते नाव बिनबाह्यांच्या जाकिटावर भरायला घेतलं. भरताना कुठली फांदी कुठल्या अक्षराची हे कळावं लागतं. आठवड्याने ती लोवेलच्या दुकानात आली.

"लोवेल, यातला एस दाखव बघू."

त्याने बोट ठेवलं.

"ते क्वॉरीतल्या वायचं शेपूट आहे," इर्मा म्हणाली. "मी कालच भरलंय."

लोवेलने भिंग आणलं, कागद उलटा धरून पाहिला. एस नव्हताच. स्लॉटरच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा एस गळला की उरतो लाफ्टर. कत्तलीचं हसू झालं होतं.

दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. शनिवारी दुपारी तो ड्वेनच्या गॅरेजात जाऊन सगळं कबूल करून बसला. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी गिलला शर्ट काढायला लावून सगळ्यांनी त्याच्या पाठीवर बॅटरी मारली.

"आहे का रे?" गिलने विचारलं.

"नाही," ड्वेन म्हणाला आणि त्याला असं हसू फुटलं की माइक हातातून पडला. लोवेल फुकटात दुसरं काढून देतो म्हणाला, पण गिल ठाम होता. सुई पुन्हा लावून घ्यायची त्याची तयारी नव्हती. चित्र तसंच राहिलं.

इर्माने मात्र जाकिटावर लाल दोऱ्याने एस घातला. चुकीचं तिच्या हातून जाणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात ॲक्रन शहरातल्या कार्यक्रमात एक दाढीवाला चाहता ते जाकीट घातलेल्या ड्वेनभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला कुणीतरी नकली माल विकलाय. खऱ्यात ही लाल फांदी नसते."

ड्वेनने कानांत बोळे घालून बसलेल्या आईकडे बोट दाखवलं. चाहता तिच्यापाशी जाऊन ओशाळला, माफी मागितली, आणि मग मलाही असलंच एक नकली भरून द्याल का, म्हणून गळ घालू लागला. त्याच्यामागे आणखी चौघं उभे राहिले. विकायच्या शर्टांच्या टेबलामागून लोवेल हे पाहत होता. कागद-पेन्सिल घेऊन तो लगबगीने आला, नवा नमुना आत्ता काढून देतो म्हणाला.

इर्माने एका कानातला बोळा काढला. "काढ," ती म्हणाली, "पण आधी मला एकेक अक्षर वाचून दाखवायचं."