रूल्फीन मावशींचा टब

नेदरलँड्समधल्या आमच्या ग्रोनिंगनमध्ये माणसं ताडमाड आणि न्हाणीघरं कपाटाएवढी, अशी एके काळी वाटणी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर घाईघाईनं उभ्या केलेल्या आमच्या इमारतीत तर न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक दगडी चौकोनी टाकं असे. त्याला लावेट म्हणायचे. दिवसा त्यात कपडे धुवायचे, संध्याकाळी पोरं धुवायची, आणि शनिवारी थोरामोठ्यांनी गुडघे हनुवटीला लावून त्यात स्वतःला कोंबायचं. गरम पाणी स्वयंपाकघरातल्या गिझरमधून यायचं. इकडे कुणी बशी विसळायला नळ सोडला की तिकडे टाक्यातला माणूस गार पाण्यानं किंचाळायचा. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्या गिझरनं लावली. पण थंडीत त्याच्या निळ्या ज्योतीपाशी दोघांनी हात शेकत उभं राहिलं की ती मिटायचीही. आता भिंतीतलं बटण दाबलं की पाणी येतं, आणि भांडायला काही कारणच उरलेलं नाही.

तळमजल्यावर रूल्फीन मावशी राहायच्या. नात्यानं त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या होत्या. त्यांचं सगळं उमेदीचं आयुष्य सार्वजनिक स्नानगृहात गेलं. ज्या काळात घरात नळ म्हणजे गार पाण्याचा एकच नळ, त्या काळात अख्खी पेठ शनिवारी काखेत टॉवेल मारून तिथं रांगेत उभी असे. पुढं शॉवरच्या खोल्या, मागं चार टब. मावशी पाणी भरून द्यायच्या, टब घासायच्या आणि वेळ संपली की झाडूच्या दांड्यानं दार ठोकायच्या. आतून कुणी "साबण राहिलाय हो!" म्हणून गयावया केली, तर म्हणायच्या, "रविवारी चर्चमध्ये तुझे कान कोण बघतंय? नीघ बाहेर!"

अख्ख्या पेठेला टबात बसवणाऱ्या या बाई स्वतः मात्र टबात कधी उतरल्या नाहीत. कामावरच्या लोकांनी काम आटपल्यावर पटकन शॉवर घ्यायचा, अशी रीत होती. स्नानगृह बंद झालं त्या शेवटच्या दिवशी त्यांनी हौसेनं स्वतःसाठी एक टब काठोकाठ भरला. तेवढ्यात मालवाहू होडीवरचा एक म्हातारा कुडकुडत आला. मावशींनी टब त्याला देऊन टाकला आणि घरी येऊन लावेटमध्ये बसल्या. पाणी बेंबीपर्यंत. वर सगळी थंडी.

त्यांचे यजमान हार्म तर एवढे उंच की त्या टाक्यात त्यांचा एकच पाय नीट मावायचा. "आज डावा धुतो, पुढच्या शनिवारी उजवा," असं म्हणायचे. ते गेले, आणि मग मावशींचे गुडघे त्या टाक्याच्या कडेवरून पलीकडे जाईनात. मोरीच्या पाटावर बसून मगानं पाणी घेण्याची वेळ आली.

अशात घरमालक संस्थेचे तेर्पस्त्रा नावाचे साहेब फरशांचे नमुने घेऊन आले. लावेट काढणार, गिझर काढणार, प्रत्येक घरात नवा बॉयलर आणि शॉवर. निवड तुमची, म्हणाले. निवड म्हणजे फरशी फिकट तपकिरी की गडद तपकिरी. जिन्यावरच्या सगळ्या घरांची पाण्याची नळी एकच असल्यानं सगळ्यांच्या सह्या मात्र हव्या होत्या. आम्ही वाचायच्या आधी सह्या केल्या. माझ्या बायकोला, वीत्स्केला, सातवा महिना होता आणि टाक्यात उतरवायला तिला मी आणि बाहेर काढायला मी अन् शेजारी, अशी परिस्थिती होती.

मावशींनी सही केली नाही. "मला टब पाहिजे."

"टबाला जागा नाही, बाई," साहेब म्हणाले.

"मग सहीला पण नाही."

"या वयात शॉवरच सोयीचा पडतो."

"शॉवर म्हणजे पाऊस हो. तो मला बाहेर फुकट मिळतो. मला एकदा खांद्यापर्यंत गरम पाण्यात बसायचंय. एवढंच."

आठवडे लोटले. समोरच्या बूलन्सकाकांनी जिन्यातच तोफ डागली. "रूल्फीन, तुझ्या त्या टबापायी आम्ही सगळे पारोसे राहणार का?"

"तू पहिल्यापासूनच पारोसा आहेस, बूलन्स. स्नानगृहात तुझं तिकीट मी महिन्यातून एकदा फाडायची."

काका दार आपटून आत गेले. पण चिडले होते सगळेच. वीत्स्केसुद्धा एकदा गिझरकडे बघत म्हणाली, "मावशींचं खरं आहे रे. पण आपलं पण खरं आहे." जिन्यात मावशी दिसल्या की लोक किल्ली शोधू लागायचे. मावशींनाही ते कळत होतं. एक दिवस मला म्हणाल्या, "करून टाकू का रे सही?" मी नुसते खांदे उडवले. तेच मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटलं.

मग त्यांचा वाढदिवस आला. राग असो, लोभ असो, वाढदिवसाला जायचंच. भिंतीला लावून गोल मांडलेल्या खुर्च्यांवर आम्ही सगळे बसलो होतो, बूलन्सकाका धरून. नेमक्या त्याच वेळी तेर्पस्त्रासाहेब शेवटची विनंती करायला आले. दारातून त्यांना खुर्च्यांचं रिंगण दिसलं आणि माणूस अडकला. रिंगण दिसल्यावर परत फिरणं म्हणजे उघड अपमान. बिचारे कागदांची पिशवी काखेत धरून, आमच्या रीतीप्रमाणे जमलेल्या प्रत्येकाचंच अभिनंदन करत, एकेकाशी हस्तांदोलन करत निघाले. "अभिनंदन, शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल. अभिनंदन. अभिनंदन." बूलन्सकाकांनी तर असं अभिनंदन स्वीकारलं की जणू मावशी त्यांनीच घडवल्या. मग साहेबांच्या हातात कॉफी आली, मांडीवर केकची बशी आली. आता कामाचं बोलायची सोयच राहिली नाही.

गप्पा अर्थातच आंघोळीवर गेल्या. सगळ्या जिन्याच्या डोक्यात दुसरं होतंच काय! मावशी स्नानगृहातल्या शनिवारांबद्दल सांगू लागल्या, तशी साहेबांची बशी हळूहळू खाली आली.

"म्हणजे त्या दार ठोकायच्या, त्या तुम्ही?"

"मीच. का?"

"मी इथं शिकायला होतो. खोलीवर नळ नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही मला डोक्याला फेस असताना बाहेर काढलंत!"

"वेळ संपली असेल."

"संपली होती," साहेब कबूल झाले. "पण डोळ्यांत फेस होता हो!"

"मग पास झालात की नाही?"

"झालो."

"मग रडता कशाला? केक घ्या आणखी."

सगळं रिंगण हसलं. आमच्याकडे एकाला केकचा एकच तुकडा. दुसरा तुकडा मिळणं म्हणजे घरचा झाल्याची खूण. साहेबांनी तो खाल्ला, बोटं पुसली आणि "वाढदिवसाला बोलू नये, पण..." म्हणत न्हाणीघरात गेले. मीटरपट्टीचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाले, "दार आत उघडतं, ते बाहेर उघडेलसं केलं तर बैठा टब बसेल. लांबीला आखूड, पण खोल. आत बसायला पायरी असते. तुम्हाला आडवं होता येणार नाही."

"बैठा? म्हणजे लावेटच, रविवारचे ठेवणीतले कपडे घातलेलं!"

"येऊन बघा तरी."

मावशी साहेबांबरोबर टबांच्या दुकानात गेल्या. मी सोबत होतो. टोपी, कोट, मांडीवर पर्स अशा थाटात त्या कोरड्या टबात चढून बसल्या. विक्रेता नळांच्या तऱ्हा सांगू लागला. त्याला गप्प करून त्यांनी हाताच्या कडेनं टबाच्या काठाची पातळी धरली आणि खांद्याला लावून पाहिली. बराच वेळ तशाच बसून राहिल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून बघू लागली.

"हार्मला पण हा आखूडच पडला असता," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. "काढा मला बाहेर. आणि पेन द्या."

काम झालं. सगळ्या जिन्याला शॉवर आले, मावशींना टब. ती बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. तोपर्यंत टबाला नावं ठेवणारेच आता टॉवेल घेऊन दारात येऊ लागले. बूलन्सकाकांची कंबर धरली होती. दिवस भरत आलेल्या वीत्स्केच्या पायांना सूज होती.

"बुधवारी या, गुरुवारी या," मावशी म्हणायच्या. "पाणी मी भरून ठेवीन. पण शनिवार नाही."

पहिल्याच शनिवारी दुपारी वीत्स्केनं सांगितलं म्हणून मी सूप घेऊन खाली गेलो. बेल वाजवली. उत्तर नाही. परत वाजवली. न्हाणीघराची खिडकी जिन्यात उघडत असे; तिच्या फटीतून वाफ येत होती, आणि वाफेबरोबर मावशींचा आवाज आला. एवढा निवांत आवाज मी त्यांचा पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"मी घरी नाहीये!"

सूप दाराशी ठेवून मी वर आलो.