पालथं चाडं

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळे मला कला कळत नाही, असं कोथरूडच्या सांस्कृतिक केंद्राच्या चिटणीसबाईंनी फार गोड शब्दांत मला सांगितलं. ते केंद्र उभं आहे ती जमीन आमची होती. तिथे कला पिकत नव्हती, पण ज्वारी बरी यायची.

केंद्रात एकाच संध्याकाळी तीन प्रदर्शनांचं उद्घाटन होतं. एक फोटोंचं, एक मडक्यांचं आणि एक शेतीच्या आठवणींचं. या तिसऱ्यासाठी बाई महिनाभर आधी घरी येऊन आमची पाभर मागून घेऊन गेल्या. पाभर म्हणजे पेरणीचं अवजार. खाली तीन फण, त्यांतून वर आलेल्या तीन पोकळ नळ्या आणि नळ्यांच्या डोक्यावर चाडं, म्हणजे बुडाला तीन भोकं असलेली लाकडी वाटी. बैल वडील हाकायचे, चाड्यावर मूठ आईची. तिची मूठ अशी की तिन्ही ओळींत ज्वारी सारखी उगवायची. दुसऱ्यांच्या शेतावरूनही तिला बोलावणं यायचं. माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा चार माणसांनी पाभर बघावी, म्हणून दिली. चूक माझीच.

उद्घाटनाला इस्त्रीचा सदरा घालून गेलो. दारात अत्तर लावलेली मंडळी 'किती वेगळं आहे ना!' म्हणत उभी होती. आत अजून कुणीच गेलं नव्हतं.

मी गेलो. पाभर छताला टांगलेली. टांगा बापडे. पण चाडं पालथं! नळ्यांवर टोपी घातल्यासारखं, आणि त्यात पिवळा दिवा. ही मांडणी करणारा कलाकार शेजारीच होता, चाळिशीचा असेल.

"चाडं उलटं बसलंय," मी म्हणालो.

"मुद्दाम आहे ते आजोबा. पालथं चाडं म्हणजे थांबलेली पेरणी."

"पेरणी थांबली हे मला माहीत आहे. तुम्ही उभे आहात तिथेच थांबली. सरळ करा ते."

"अहो, मग दिवा कुठे बसणार?"

"डोक्यात उजेड पडतोय का बघा."

चिटणीसबाई धावत आल्या. "आपण नंतर बोलू या ना. पाहुणे जिना चढताहेत."

"चढू द्या. आमच्यात चाडं पालथं घालत नाहीत. घरात दाणा राहत नाही."

"आता ती कलाकृती आहे, आजोबा."

"कलाकृती तुमची. चाडं माझ्या आईचं."

त्यावर बाईंनी मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, लग्नातल्या रुसलेल्या मामाला बसवतात तसं. पाहुण्यांनी समई लावली आणि मातीवर वीस मिनिटं बोलले. बुटाला कण नव्हता. मग माइकवरून पुकारलं, आता या भूमीच्या मूळ मालकांचा सत्कार.

मी उठलो. पाहुण्यांना ओलांडून पाभरीपाशी गेलो, आधी दिव्याचं बटण बंद केलं, खुर्ची ओढली, वर चढलो आणि चाडं सोडवलं. "आजोबा, पडाल!" बाई ओरडल्या. कलाकार नुसताच बघत राहिला. एवढी वर्षं शिकून त्याला खुर्ची धरावी हे सुचलं नाही. खाली उतरलो तेव्हा पाहुणे सत्काराची शाल घेऊन तसेच उभे होते. ती घेतली, तिच्यात चाडं गुंडाळलं आणि निघालो.

बाकीची पाभर प्रदर्शन संपल्यावर टेम्पोने घरी आली. पण त्याआधी दोन दिवस मी चाड्यापाशीच बसून होतो. उजेड वर जाऊ नये म्हणून त्या शहाण्याने तिन्ही भोकं डिंकाने बुजवली होती. दाभणाने कोरून कोरून मोकळी केली. मग स्वयंपाकघरातली ज्वारी घेतली आणि आई धरायची तशी मूठ धरली. पहिल्यांदा सगळी एकाच भोकातून गेली. सातव्या-आठव्या वेळेला तिन्हीतून सारखी पडली.

"मामंजी, ही फरशी आता कोण झाडणार?" सून म्हणाली.

मीच झाडली.