शुद्ध काळा काळू

आमच्या घरात शास्त्रीय संशोधन एकदाच झालं, आणि तेही येरवड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत.

सोसायटीत घरोघरी वॉशिंग मशीन येऊ लागलं होतं. आमचंही गॅलरीतल्या नळापाशी यावं, असा सुनंदाचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, हट्ट. पण तिथे माझ्या लाडक्या सशाचा, काळूचा पिंजरा! त्यात मेहुणा शिरीष (नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागलेला, म्हणून सर्वज्ञ) म्हणाला, "भावोजी, साधा तर ससा आहे."

"साधा? शुद्ध काळा आहे!" मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा गप्प बसणं शक्यच नव्हतं. "पांढऱ्या मादीशी जोडी लावून बघ. ह्याच्यात पांढरा गुण लपला असेल, तर काही पिल्लं पांढरी होतील. एकही होणार नाही!"

"झालंच, तर पिंजरा विश्रांतवाडीला, शिरीषकडे," सुनंदा म्हणाली. मी हो म्हणून बसलो.

शिरीषने आपली पांढरी परी आणून दिली. महिनाभर मी तिचे गाजर-मेथीचे डोहाळे पुरवले, पण ती काही जाड होईना. काळू मात्र एके दिवशी स्वतःच्याच छातीचे केस उपटू लागला.

"बाप व्हायचं टेन्शन!" मी निदान केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून हाक आली, "अहो, तुमच्या नराला पिल्लं झालीत!"

पाच पिल्लं. तीन काळसर, दोन गुलाबी. परी कोपऱ्यात निवांत मेथी खात होती (होता!).

"प्रयोगाला बाधा नाही," मी घसा खाकरला. "आई काळी, बाप पांढरा. उत्तर तेच."

"मग काय उत्तर?"

"गुलाबींना अजून रंग यायचाय."

आठवड्याभरात आला. पांढराशुभ्र! काळू जाणार म्हणून मी रोज दुप्पट मेथी आणू लागलो. शिरीष पिंजरा न्यायला आला, तर दोन्ही पांढरी पिल्लं सुनंदाच्या मांडीवर झोपलेली.

"बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं का?" ती त्याच्यावरच डाफरली. "मशीन बसेल बाथरूममध्ये. पण आधी डॉक्टर बोलवा आणि नर-मादी वेगळे करा. तुमच्यावर सोडलं, तर घर सशांनी भरेल आणि आपल्यालाच विश्रांतवाडीला जावं लागेल!"

जनावरांच्या डॉक्टरांनी एकेक ससा उलटा करून पाहिला आणि चष्म्यावरून विचारलं, "काय हो, घरात कोणालाच जीवशास्त्र नव्हतं का?"

"ह्यांना आहे ना," सुनंदा म्हणाली. "अजून शिकवतात."