आमचे व्याही आणि संचालकाची खुर्ची

आमच्या व्याह्यांनी जितके संचालक नापास केले, तितकी पोरं एखाद्या खडूस मास्तरानेही उभ्या आयुष्यात केली नसतील. रायपूरजवळ सिलतऱ्याला त्यांचा स्पंज आयर्नचा, म्हणजे पोलादासाठी लागणाऱ्या कच्च्या लोखंडाचा कारखाना. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, कारखाना वाढला आणि बोर्डावर बाहेरची जाणती माणसं घ्यायची वेळ आली. लोक मोठमोठे बायोडाटा पाठवत, व्याही ते न वाचता चष्म्याखाली दडपून ठेवत आणि उमेदवाराला म्हणत, "चला, फॅक्टरी दाखवतो." गाडी स्वतः चालवत. कारखान्याची मोठी पाटी लावलेलं वळण आलं की गप्पांच्या नादात सरळ पुढे जात. हे मुद्दाम, हे मला फार उशिरा कळलं. शेजारचा टोकतो की नाही, एवढीच त्यांची मुलाखत. एक निवृत्त साहेब म्हणे बिलासपूरच्या अर्ध्या वाटेपर्यंत हवेचं कौतुक करत गेले. पास झाल्या त्या एक माजी मुख्याध्यापिका. "भैया, गाड़ी रोको! मोड़ पीछे गया!" असं त्या ओरडल्या आणि व्याह्यांनी जागीच गाडी थांबवून त्यांना पेढा दिला.

मी रेल्वेच्या हिशेब कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस. संचालक व्हायची मला इतकी हौस, की आधीच कोट शिवून घेतला. बायको म्हणाली, "लग्नात नाही शिवला, आता काहून शिवून राहिले?" शेवटी एकदा व्याही मलाही घेऊन निघाले. वळण मागे पडलं. मला लख्ख दिसलं. पण मी मुलीचा बाप! व्याह्यांना चुकलात म्हणायचं कोणत्या तोंडाने? मी म्हणालो, "हव, रस्ता मस्त झाला आता." पुढे एका ढाब्यावर त्यांनी मला पोटभर समोसे खाऊ घातले, परीक्षेची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "व्याही म्हणून तुम्ही लाखात एक आहा जी. पण डायरेक्टर नाही." मीही मान डोलावली. तो कोट मी पुढे लोकांच्या लग्नांत वापरला.

मग व्याही थकले. कारभार माझ्या जावयाकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे गेला. त्याने मुख्याध्यापिकाबाईंना हार घालून निरोप दिला, बापाला 'मार्गदर्शक' करून रायपुरात तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये बसवलं आणि एक दिवस मला म्हणाला, "बाबूजी, आप बोर्ड में आ जाइए ना. बस, मीटिंग में बैठना है." इतकी वर्षं ज्या खुर्चीसाठी जीव टाकला, ती दारात चालून आली होती. पण व्याह्यांना असं बाजूला बसवलेलं मला सहन होईना. मी स्पष्ट नाही म्हणालो आणि रिक्षा करून थेट व्याह्यांकडे गेलो, शाबासकीच्या आशेने.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून नाही म्हटलं जी?"

"तुम्हाले काढलं म्हणून."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "पोट्टा चुकून राहिला. तिथं त्याले टोकणारं आता कोणीच नाही. तुम्ही नाही म्हणायले शिकले, तर जाऊन बसाचं होतं ना!"

रिक्षात मला खरोखर रडू आलं. आयुष्यात एकदाच नाही म्हणालो होतो, तेही त्यांच्यावरच्या मायेने, आणि नेमकं ते त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं.