हॉकी, बर्च आणि टूवाचं मशीन

रूनार हालस्टेनने निळ्या पिशवीतून गेमचं मशीन बाहेर काढलं आणि उलटं केलं. खालच्या रबरी पायाशेजारी बोटभर ओरखडा होता. तो ओळखीचा ओरखडा दिसताच त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

"परत तेच?" शेजारून इस्कंदरने विचारलं. त्याच्या हातात कुणाच्या तरी बुटाची टाच होती.

"परत तेच."

"या खेपेला कोण? आई की बाप?"

"बाप सकाळी ठेवून गेला. म्हणजे आता हॉकी."

"आणि मग बर्चची झाडं," इस्कंदर म्हणाला. "तुझं बरं आहे बाबा. नवरा-बायको भांडले की माझ्याकडे एकच गिऱ्हाईक येतं, दाराचं कुलूप बदलायला. तेही एकदाच. तुझ्याकडे दोघंही येतात, आणि येतच राहतात."

येव्ले शहरातल्या स्टेशनच्या मागच्या जुन्या बाजारसंकुलात दोघांचा मिळून एक गाळा होता. अर्ध्या भागात इस्कंदर बूट दुरुस्त करायचा आणि किल्ल्या बनवायचा, अर्ध्या भागात रूनार व्हिनाइलच्या स्किन, म्हणजे चिकटणारी रंगीत आवरणं, लावायचा. फोन, लॅपटॉप, आणि सगळ्यांत जास्त गेमची मशीनं. पोरांना आग ओकणारे प्राणी नाहीतर कवट्या हव्या असत, मोठ्यांना संगमरवर किंवा लाकूड. रूनारला सगळं सारखंच. पाठीचा कागद सोलायचा, स्किनची एक कड जुळवून टेकवायची, फेल्ट लावलेल्या पट्टीने मधून कडेला हवा काढत न्यायची, कोपऱ्यावर हीट गनची ऊब देऊन अंगठ्याने बसवायचं. आणि हवेच्या फटी मोकळ्या ठेवायच्या, नाहीतर मशीन आतल्या आत उकडतं.

सतराव्या वर्षी तो हातात ब्रश घेऊन या धंद्यात आला होता. बेकऱ्यांच्या काचांवर सोनेरी अक्षरं काढायचा. पुढे व्हिनाइल आलं आणि ब्रश डब्यात गेले. मग कितीतरी वर्षं शहराच्या बसवर जाहिराती चढवल्या, अख्ख्या बसवर, छतापासून चाकापर्यंत. उजवा खांदा त्या बसनीच खाल्ला. ती कंपनी बंद पडली तेव्हा निवृत्तीला अवकाश होता, म्हणून हा अर्धा गाळा. "बसपासून खोक्यापर्यंत आलो," तो म्हणायचा, "आता काडेपेटीला स्किन लावली की सुटलो." त्याची बायको बार्ब्रो केव्हाच निवृत्त झाली होती. सकाळी लापशीची वाटी पुढे ठेवताना ती विचारायची, "अजून किती?" तो म्हणायचा, "हा एक उन्हाळा." मागच्या वर्षीही त्याने हेच सांगितलं होतं.

मशीन होतं टूवाचं. अकरा वर्षांची मुलगी. तिने ते स्वतःच्या कमाईतून, कुणाचं तरी वापरलेलं घेतलं होतं. दोन हिवाळे तिने दारोदार फिरून नाताळचे अंक विकले होते. इथल्या पुष्कळ मुलांची पहिली कमाई हीच. टूवा एक आठवडा आईकडे असायची, एक आठवडा बापाकडे. दर रविवारी दुपारी तिच्याबरोबर मशीनही घर बदलायचं, त्या निळ्या पिशवीतून.

भांडण लागलं ते त्यावरून. बापाने, म्हणजे होकानने, शहराच्या आइस-हॉकी संघाची काळी-पिवळी स्किन त्यावर लावून घेतली. पुढच्या रविवारी ते आईच्या दिवाणखान्यात गेलं. आईचा, म्हणजे उल्रिकाचा, दिवाणखाना पांढरा, सोफा राखाडी, भिंतीवर एकच चित्र. त्यात हा काळा-पिवळा ठोकळा! "त्याचा संघ मी माझ्या घरात बारा वर्षं सोसला," तिने रूनारला ऐकवलं होतं, "आता नाही सोसणार." आणि बर्चच्या पांढऱ्या सालीची स्किन लावून घेतली. होकानने ती पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर हजर. तेव्हापासून हे रहाटगाडगं चालू होतं.

पहिल्या दोन खेपांना रूनारला मजा वाटली. काम म्हणजे काम. पण जुनी स्किन काढणं नवी लावण्यापेक्षा जिकिरीचं. गरम करा, आडवी धरून हळूहळू ओढा, मागे गोंदाचे पापुद्रे राहतात ते द्रावणाने पुसा. दर पुसण्यागणिक प्लास्टिकची काळी झळाळी थोडी जाते. कोपरे पांढुरके पडायला लागले होते. एका फटीत गोंद जाऊन बसला होता, तो त्याने दात कोरायच्या काडीने काढला.

दुपारी होकान मशीन न्यायला आला तेव्हा टूवा त्याच्याबरोबर होती. बाहेर चिखल झालेलं बर्फ होतं. तिने हातमोजे काढलेच नाहीत.

"बघ, झालं की नाही झकास!" होकान म्हणाला. "आता कसं माणसांत आलंय."

"तुला आवडलं का?" रूनारने तिला विचारलं.

"आवडणारच," होकान म्हणाला. "लहानपणापासून मॅचला येते माझ्याबरोबर."

टूवाने पांढुरक्या कोपऱ्यावरून हातमोज्यातलं बोट फिरवलं. "रूनार, हे अजून किती वेळा सोलता येईल?"

"तुझ्या आईबाबांच्या खिशात पैसे असेपर्यंत," तो म्हणाला. इस्कंदर खळखळून हसला, होकानही हसला. टूवा हसली नाही.

"आत गेममध्ये माझं गाव आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं बांधतेय. ते जाणार नाही ना?"

"ते आत असतं. मी फक्त वरून लावतो."

"मशीन बंद पडलं तर?"

होकानला पार्किंगची घाई होती. ते गेले. रूनारने स्टुलावर बसून खांदा दाबला. पोरीने साधा प्रश्न विचारला आणि आपण त्यावर विनोद केला, हे त्याला दिवसभर सलत राहिलं.

पुढच्या सोमवारी उल्रिका आली. पिशवी काउंटरवर ठेवून तिने कोटाची बटणं काढायच्या आधीच सांगितलं, "बर्च. मागच्यासारखंच."

"हे काढून देतो," रूनार म्हणाला. "पण नवीन लावणार नाही."

"म्हणजे?"

"प्लास्टिकला आता सोसवत नाही. कोपरे बघा. अजून एकदा लावलं-काढलं की फटी गोंदाने बुजतील, मग मशीन तापून मरेल."

हे पूर्ण खरं नव्हतं. जपून केलं असतं तर आणखी दोन-तीनदा निभावलं असतं. पण त्याला वाटलं, कुणीतरी कुठेतरी थांबायला हवं. आणि तो दमला होता.

उल्रिकाने फोन काढला. "हे त्याच्यामुळे झालं. सांगतेच त्याला."

आणि तिने तिथेच, काउंटरवर कोपर टेकून, होकानला फोन लावला. एरवी त्यांचं सगळं बोलणं मेसेजवर चालायचं.

"तुझ्या त्या हॉकीपायी पोरीचं मशीन गेलं... मी? मी काय केलं? मी साफ केलं ते!... हो, उभी आहे मी त्याच्यासमोर... नाही, तो म्हणतोय नाही लागणार... मग तूच सांग ना, शहाणा आहेस तर!"

इस्कंदरने हातोडी खाली ठेवली होती. मग उल्रिकाचा आवाज उतरला. ती दोनदा "हं" म्हणाली. "बरं. तसं करू. दोन घ्यायची. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. हो, तीही आनंदात."

फोन ठेवून ती रूनारकडे बघून हसली. तिला हसताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं. "दोन वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं," ती म्हणाली. "तुमचे आभार मानायला हवेत."

त्याच आठवड्यात दोन कोरी मशीनं आली. रूनारने एकाला हॉकी लावली, दुसऱ्याला बर्च. एकही बुडबुडा नाही, कोपरे आरशासारखे.

"न्यायाधीश झालास की रे," इस्कंदर म्हणाला. "इकडे एक, तिकडे एक. बार्ब्रोला सांग, आता न्यायाधीशाचा पगार मिळणार म्हणून."

त्या रात्री रूनार लवकर झोपला. किती दिवसांनी खांदा दुखला नाही.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर टूवा एकटीच आली. तिने निळी पिशवी दोन्ही हातांनी काउंटरवर चढवली. आत जुनं मशीन होतं. स्किन घरीच ओरबाडून काढलेली, पण गोंद तसाच, त्यावर धूळ आणि मांजराचे केस.

"हे भंगारात टाकायचंय," ती म्हणाली. "आई म्हणाली, स्टेशनजवळच्या भंगाराच्या पेटीत टाक. दोन्ही घरी नवीन आहे ना आता."

"मग इथे का आणलंस?"

इस्कंदरने तिला दालचिनीचा बन दिला. तिने तो खाल्ला नाही, हातात धरून ठेवला.

"बाबाकडच्या मशीनवर मी नवीन गाव सुरू केलं," ती शेवटी म्हणाली. "मग आईकडे आले तर तिथे ते नव्हतंच. तिथे परत पहिल्यापासून. आता दोन गावं आहेत आणि दोन्हींत एकेकच झोपडी."

"आणि जुनं गाव?"

"ते यात आहे."

रूनारने मशीन पिशवीतून बाहेर काढलं.

"आधी रविवारी पिशवी न्यायला लागायची," टूवा म्हणाली. "जड असायची. बाबा कोपऱ्यावर गाडी थांबवतो, दारापर्यंत येत नाही, म्हणून मलाच न्यायला लागायची. आता काहीच न्यायचं नसतं. कपडे इकडे वेगळे, तिकडे वेगळे. ब्रशसुद्धा. मी नुसती जाते."

आपण काय करून बसलो ते रूनारच्या तेव्हा ध्यानात आलं. मशीन वाचवायला गेलो आणि पोरीच्या हातून तेच काढून घेतलं. आईबापांनी केलं त्याहून हे काही वेगळं नव्हतं. तिला विचारलं आपणही नाही.

"टूवा, तुला यावर काय हवंय?"

"काही नको." ती पटकन म्हणाली, जणू हा प्रश्न कुणी विचारायची ती वाटच बघत होती. "नुसतं स्वच्छ. जसं होतं तसं."

"जसं होतं तसं नाही होणार. कोपरे पांढरेच राहतील."

"चालेल."

त्याने द्रावणाची बाटली बाजूला सारली. गरम पाण्यात फडकं पिळून मशीनवर ठेवलं, गोंद मऊ होऊ दिला आणि अंगठ्याने वळ्या करत काढत गेला. पाणी फटीत जाऊ नये म्हणून कड कोरडी ठेवत. सगळ्यांत सावकाश रीत हीच. त्याला खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं, खांदा परत बोलायला लागला होता. टूवाने तेवढ्या वेळात बन संपवला आणि इस्कंदरच्या यंत्रात किल्ली कशी कापतात ते बघून आली.

मशीन शेवटी काळं-करडं, जागोजागी निस्तेज झालेलं, जरा म्हाताऱ्या कुत्र्यासारखं दिसत होतं. टूवाने ते पिशवीत ठेवलं.

"ती दोन राहू देत घरी नटून," ती म्हणाली. "हे माझ्या खोलीत. दोन्हीकडच्या."

"आईला काय सांगशील?"

"अजून ठरवलं नाही," असं म्हणून ती पिशवी ओढत निघून गेली.

गाळा बंद करायच्या वेळी उल्रिकाचा फोन आला. "टूवा तुमच्याकडे आली होती का? ते जुनं मशीन तिने टाकलंच नाही. कपाटात लपवलंय. विचारलं तर बोलत नाही."

रूनारला नाही म्हणता आलं असतं. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं आणि तो घरी जाऊ शकला असता. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आली होती. मी साफ करून दिलं. आणि मागे मी तुम्हाला सांगितलं होतं की प्लास्टिकला सोसवणार नाही, ते जरा वाढवून सांगितलं होतं. मला कंटाळा आला होता. तेव्हा तिला विचारायला हवं होतं. तिचं गाव त्यात आहे."

"कसलं गाव?"

"ते तिलाच विचारा. मशीन तिचं आहे. नाताळचे अंक विकून घेतलंय, तुम्हाला माहीत आहे."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. रूनारला वाटलं, आता ओरडेल. तशी ती ओरडली असती तरी त्याने ऐकून घेतलं असतं.

"किती पैसे झाले?" तिने विचारलं.

"काही नाही. काही लावलं नाही, नुसतं काढलं."

मग ती म्हणाली, "ती पिशवी जड होते तिला. त्या कोपऱ्यापर्यंत." आणि जरा थांबून, "होकानला सांगते, रविवारी गाडी दारापर्यंत आण म्हणून."

रूनारने फोन ठेवला. इस्कंदर शटरची सळई घेऊन उभा होता. "काय म्हणाली?"

"ओढ शटर," रूनार म्हणाला. "माझा खांदा वर होत नाही."